मागल्या बांकावरचें मूल



साठ आणि आठ या दोन संख्यांमध्यें बावन्नाचें अंतर आहे, हें लहान मुलालाहि ठाऊक असतें. कानाच्या दृष्टीनें मात्र हें अंतर अवघ्या एका 'स'चें आहे, आणि हा 'स' मोठा दुबळा वर्ण. 'आ' हा स्वर भरघोस. तो वर्गाच्या मागल्या भिंतीपर्यंत सहज पोंचतो. 'स', 'श' यांसारख्या वर्णांत आवाजाचें बळ थोडें, आणि तेंहि वरच्या सुरांतलें. ज्याचा कान किंचित् मंद झाला, त्याच्या वांट्यास स्वर येतात आणि व्यंजनें वाटेंतच गळून पडतात.

हें मला पुस्तकांतून कळलें नाहीं. सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागांतील एका खेड्यांत मी शिक्षक होतों. तोंडच्या हिशेबाच्या तासाला मागल्या बांकावरचा एक मुलगा नेहमीं भलतींच उत्तरें देई. साठ सांगितले कीं आठ लिही. मीं त्याला धांदरट ठरविलें, पुष्कळदां उभें केलें, आणि सांगावयास लाज वाटते, एकदां त्याचा कानहि पिळला. दुसऱ्या दिवशीं त्याची आई शाळेंत आली. भांडावयास नव्हे. ती म्हणाली, "गुरुजी, मारायचं तर मारा, पर कान धरू नगा. दोन वर्सं झाली, दोन्ही वाहत्यात." त्या दिवसापासून मीं त्याला माझ्यासमोर बसविलें आणि हिशेब फळ्यावर लिहून देऊं लागलों. परंतु तोंपर्यंत त्याच्या दोन इयत्ता फुकट गेल्या होत्या.

ठार बहिरें मूल आईबापांच्या ध्यानांत येतें. थोडें कमी ऐकणारें मूल कोणाच्याच ध्यानांत येत नाहीं. जवळून हांक मारली तर तें ओ देतें, ओठांकडे पाहून अर्धें वाक्य जुळवितें, आणि उरलेल्या अर्ध्याबद्दल मार खातें. कानांत सांचलेला मळ, सर्दीनंतर पडद्याआड राहिलेलें पाणी, वाहून वाहून भोंक पडलेला पडदा, हीं याचीं नेहमींचीं कारणें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं श्रवणाविषयीं जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यांत मुलांमधील श्रवणदोषांपैकीं सुमारें ६० टक्के दोष टाळतां येण्याजोग्या कारणांनीं होतात, असें म्हटलें आहे. आपल्याकडे कान दुखला कीं त्यांत कोमट तेल सोडण्याची रीत आहे. वाहत्या कानाला ती अपायकारकच होय. पण आजीबाईंपुढें हें बोलण्याचें धैर्य आमच्यांत कोठून असणार!

शाळेंत जाऊन कान तपासावे ही कल्पना नवी नाहीं. १९२० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत ग्रामोफोनच्या तबकडीवरून क्रमाक्रमानें बारीक होत जाणारे आंकडे एकाच वेळीं अनेक मुलांना ऐकवीत आणि मुलें ते कागदावर लिहीत. पुढें अधिक नेमकें श्रवणमापक यंत्र आलें. तथापि तें महाग, त्याला निःशब्द खोली हवी आणि चालविणारा तज्ज्ञ हवा. म्हणून तें रुग्णालयांतच राहिलें.

ही अडचण मोबाइल फोननें बरीच दूर केली आहे. दक्षिण आफ्रिकेंतील प्रिटोरिया विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१४ च्या सुमारास साध्या स्मार्टफोनवर चालणारी अशी तपासणी प्रसिद्ध केली. मुलाच्या कानांवर हेडफोन चढवितात. एकेका कानांत सेकंदाला १०००, २००० व ४००० कंपनांचे सूर, कुजबुजीइतके मंद, म्हणजे सुमारें २५ डेसिबेलचे, सोडतात. ऐकूं आलें कीं मुलानें हात वर करावयाचा आणि तपासणाऱ्यानें पडद्यावर बोट टेंकवावयाचें. मुलामागें मिनिट-दोन मिनिटें पुरतात, आणि थोड्या शिक्षणानें हें काम डॉक्टर नसलेल्या मनुष्यालाहि जमतें.

मात्र बाजारांतला हवा तो हेडफोन घेऊन हें होत नाहीं. मिरजेचा तंबोरा कितीहि उत्तम असो, जुळविल्यावांचून त्याचा उपयोग नाहीं. तसाच हा हेडफोन त्या विशिष्ट फोनशीं मापून जुळवावा लागतो. नाहीं तर २५ म्हणून सोडलेला सूर प्रत्यक्षांत ४० चाहि असूं शकेल, आणि मंद कानाचें मूल सुखानें उत्तीर्ण होईल. दुसरा शत्रु गलबला. फोन स्वतःच आसपासचा आवाज मापतो आणि तो मर्यादेबाहेर गेला तर सूचना देतो, ही सोय खरी. परंतु जावळी-महाबळेश्वराकडे आषाढांत पत्र्याच्या छपरावर पाऊस कोसळत असतांना कोणता फोन काय करणार? तेथें ही तपासणी पावसाळा सरल्यावरच व्हावी. त्यांतहि एक गोम आहे. दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडणीचीं कुटुंबें वाळवा-कऱ्हाडच्या फडांवर येतात. त्यांच्या मुलांची नांवें एका गांवच्या हजेरींत आणि मुलें दुसऱ्या गांवच्या पाचटांत. त्यांचे कान कोणी तपासावे?

आपल्या राज्यांत शाळकरी मुलांच्या आरोग्यतपासणीची व्यवस्था आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्यें महाराष्ट्रांतच, पालघर येथें झाला. त्याचीं फिरतीं पथकें शाळांना वर्षांतून एकदां भेट देतात, आणि श्रवणदोष हा त्यांच्या यादींत आहेच. पण यादी लांब, मुलें पुष्कळ. कानाची परीक्षा बहुधा निरीक्षणावर व प्रश्नोत्तरांवर भागते. अशा पथकाच्या हातीं जुळविलेला फोन असणें मला अगत्याचें वाटतें.

फोन रोग सांगत नाहीं, संशय तेवढा दाखवितो. नापास झालेल्या मुलाची पुन्हां तपासणी करावी, आणि तरीहि तेंच आलें तर त्याला कानाच्या डॉक्टरांकडे पाठवावें. खरें घोडें येथें अडतें. साताऱ्यास क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय आहे, मिरजेस १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. परंतु जत तालुक्याच्या टोंकाच्या खेड्यांतून मिरजेस यावयाचें म्हणजे बापाची दिवसाची मजुरी बुडते, आणि बहुधा एकदां येऊन भागत नाहीं. चिठ्ठी मुलाच्या दप्तरांतच राहते. किती मुलें तपासलीं याचा आंकडा अहवालांत येतो; त्यांतलीं किती डॉक्टरांपर्यंत पोंचलीं, हें शाळेनें हजेरीप्रमाणें लिहून ठेविलें पाहिजे.

शहरांतल्या घरांनीं फोनची वाट पाहूं नये. मुलाच्या पाठीशीं चार-पांच हातांवर उभे राहा, ओठ दिसूं देऊं नका, आणि नेहमींच्या आवाजांत एकेक शब्द म्हणा: साठ, आठ, पाठ, काठ, गांठ. मुलानें तो जसाच्या तसा परत म्हणावयाचा. ही कांहीं वैद्यकीय परीक्षा नव्हे, आणि शांत घरांत चांगल्या कानाचें मूलहि एखाद वेळ चुकेल. पण सर्दी नसतांना, दोन निरनिराळ्या दिवशीं, पुन्हां पुन्हां साठचे आठ होऊं लागले, तर गणिताची शिकवणी लावण्यापूर्वीं त्याचे कान दाखवून आणावे.