‘वाचतील ना?’
बाबांना सीसीयूत हलवलं तेव्हा इथे कॅन्ससमध्ये पहाटेचे तीन वाजले होते, नाशिकला दुपार. दादाचा फोन आला. पहिला प्रश्न, ‘‘वाचतील ना गं?’’

आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले होते. जेवणानंतर छातीत जळजळायला लागलं, तर ‘‘पित्त झालंय’’ म्हणत बाबांनी चार तास काढले. खरं कारण आईने नंतर सांगितलं, ‘‘इथलं हॉस्पिटल म्हणजे पोरीला घर विकावं लागेल, असं म्हणत होते.’’ पाहुण्यांच्या विम्यात जुन्या आजारांसाठी किती अटी असतात, ते मलाही तेव्हाच कळलं. पण ते चार तास महागात पडले. स्टेंट बसला, तरी रक्तदाब वर येईना. हृदय इतकं थकलेलं की शरीराला रक्त पुरत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, ‘‘अशा शॉकमधले साधारण निम्मे वाचतात.’’

निम्मे! दादाला हे कसं सांगू? मग बाहेर खुर्चीत बसून वाचत राहिले. अमेरिकेतलं पहिलं कोरोनरी केअर युनिट आमच्याच कॅन्सस सिटीत, बेथनी हॉस्पिटलमध्ये १९६२ साली डॉ. ह्यूज डे यांनी सुरू केलं. त्याआधी हार्ट अटॅकचे रुग्ण साध्या वॉर्डात पडून असत आणि दहातले सुमारे तीन घरी परतत नसत. रात्री ठोके बिघडले तर कुणाला कळणार? १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या किलिप आणि किंबॉल या डॉक्टरांनी आपल्या युनिटमधल्या २५० रुग्णांचा हिशेब मांडला. शॉक नसलेल्यांमधला मृत्युदर २६ टक्क्यांवरून ७ वर आला होता. शॉकमधले मात्र ८१ टक्के गेले. पुढे १९९९ मध्ये डॉ. जुडिथ हॉकमन यांच्या अभ्यासात दिसलं, की अशा रुग्णांची बंद रक्तवाहिनी लगेच उघडली तर सहा महिन्यांत ५०.३ टक्के दगावतात. आधी औषधांवर ठेवलं तर ६३.१. म्हणजे ८१ वरून निम्म्यावर यायला तीसेक वर्षं लागली. तो आकडा मला एकदम बरा वाटायला लागला.

दुसऱ्या रात्री मॉनिटर किंचाळला. काचेतून पाहिलं, नर्सने पॅड लावलेलेच होते. तिने बटण दाबलं, बाबांचं अंग उसळलं. डॉक्टर धावत आले तोवर पडद्यावरची रेघ पुन्हा नीट चालत होती. ती मला तेव्हा पंचविशीतली पोरच वाटली होती. नर्सने डॉक्टरची वाट न पाहता शॉक द्यायचा, ही मुभा त्या साठच्या दशकातच मिळाली. फार पुढची यंत्रं नंतर आली, पण माझ्या मते खरा फरक तिथेच पडला.

दादाला मी फक्त एवढंच सांगितलं, ‘‘नर्स चांगली आहे.’’

सतराव्या दिवशी बाबा घरी आले. हृदय अजून कमजोर आहे, विमानाला परवानगी नाही. ‘‘पुढच्या वेळी छातीत काही झालं तर आधी ९११, मग पित्त,’’ असं आईने बजावलंय. रोज संध्याकाळी ते पोस्टाच्या पेटीपर्यंत चालून येतात. हॉस्पिटलची पाकिटं येतात, म्हणून त्याआधी मी गुपचूप जाऊन पेटी रिकामी करून ठेवते.