समुद्रातली शेती आणि सिन्नरचा कांदा

सिन्नर तालुका पावसाकडे डोळे लावून बसणारा. समुद्राशी आपला काय संबंध, असे येथील कांदा उत्पादक विचारील. संबंध त्याच्या फवारणीच्या पंपात आहे. इफ्को 'सागरिका' नावाने जे द्रावण विकते, त्यात लाल व तपकिरी समुद्रशेवाळाचा अर्क असतो.

भारतात लाल शेवाळाची लागवड मुख्यतः तामिळनाडूत, रामनाथपुरम जिल्ह्याच्या मंडपम-रामेश्वरम किनाऱ्यावर होते. कॅपाफायकस हे त्याचे नाव. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने १९८४ मध्ये ते भारतात आणले. पुढे मच्छीमार स्त्रियांचे बचत गट या धंद्यात उतरले.

पद्धत सोपी आहे. बांबूचा १२ फूट लांब-रुंद तराफा, त्याला २० दोऱ्या आणि दोऱ्यांना बांधलेले एकूण ६० किलो बियाणे. ना नांगरट, ना खत, ना सिंचन. ४५ दिवसांत चौपट माल येतो. ६० किलो पुन्हा बियाण्याला ठेवायचे, उरलेले विकायचे. ४५ तराफे असतील, तर रोज एकाची काढणी होते. मात्र दहा किलो ओला माल वाळून जेमतेम एक किलो भरतो, हे हिशेबात धरावे.

ताजे शेवाळ दळले की रस खतासाठी वेगळा होतो. उरलेल्या चोथ्यातून कॅराजीनन मिळते. आइस्क्रीम, टूथपेस्ट यांना घट्टपणा आणणारा हा पदार्थ वनस्पतिजन्य आहे. प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून होणारे जिलेटिन टाळणाऱ्या खाद्य उद्योजकांनी हे ध्यानात ठेवावे.

धोकाही आहे. २०१३ नंतर पाणी तापल्याने तामिळनाडूत पीक मोठ्या प्रमाणावर मेले आणि अनेक घरांची मिळकत बुडाली. कुरुसडै बेटाजवळ हे शेवाळ प्रवाळावर पसरल्याचेही आढळले. म्हणून जागेची निवड जपून करावी लागते.

आपल्या होतकरू तरुणांनी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. हे पीक खाऱ्या पाण्याचे आहे, शेततळ्यात येत नाही. तसे सांगून कोणी बियाणे विकू लागला, तर पैसे देऊ नयेत. दुसरे, अर्क ही खताला जोड आहे, पर्याय नव्हे. २०२१ पासून असे अर्क खत नियंत्रण आदेशाखाली आले आहेत. बाटलीवरील मजकूर वाचावा, पक्की पावती घ्यावी, आधी दोन वाफ्यांवर फवारून पाहावे. फरक दिसला, तरच पूर्ण शेताचा खर्च करावा.