रक्तातील खूण आणि तिचा अर्थ

यवतमाळ जिल्ह्यातील मुकुटबनसारख्या गावी घरातील कोणाची सर्दी महिनोन्‌महिने हटत नाही, नाकातून रक्ताळलेल्या खपल्या पडतात, सांधे दुखतात आणि एके दिवशी खोकल्यातून रक्त येते, तेव्हा कुटुंबाचा पहिला तर्क क्षयरोगाचा असतो. तो तर्क अनाठायी नाही. आपल्या देशात क्षयरोगच अधिक आढळतो. परंतु थुंकीत क्षयाचे जंतू सापडत नाहीत आणि प्रकृती मात्र ढासळत जाते, अशा वेळी आणखी एका विकाराचा विचार करावा लागतो. तो म्हणजे रक्तवाहिन्यांचा दाह, अर्थात व्हॅस्क्युलायटिस.

शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच या विकारात उलटते. रक्तातील न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. त्यांनी चेतवलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना इजा करतात. नाक, फुप्फुसे, त्वचा, मज्जातंतू आणि मूत्रपिंडे यांना त्याची झळ पोहोचते. या प्रतिपिंडांना ‘अँका’ असे म्हणतात.

त्यांचा प्रथम उल्लेख १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी मूत्रपिंडदाहाच्या आठ रुग्णांसंबंधी केला. १९८५ मध्ये युरोपातील संशोधकांनी त्यांचा एका विशिष्ट रक्तवाहिनीदाहाशी असलेला संबंध दाखवला. पुढे या प्रतिपिंडांची दोन मुख्य लक्ष्ये निश्चित झाली: प्रोटीनेज-३ आणि मायलोपेरॉक्सिडेज, म्हणजेच अहवालात दिसणारी ‘पीआर-३’ आणि ‘एमपीओ’ ही नावे. पहिल्या प्रकारात नाक, सायनस व फुप्फुसे अधिक ग्रासली जातात. दुसऱ्यात बहुधा मूत्रपिंडे. विकार पुन्हा उलटण्याचा संभव पहिल्या प्रकारात जास्त असतो.

तथापि, एका नोंदीवरून जसा वर्षाचा ताळेबंद मांडता येत नाही, तसेच या चाचणीचे आहे. क्षयरोग, हृदयाच्या झडपांचा जंतुसंसर्ग आणि थायरॉईड किंवा रक्तदाबावरील काही औषधे यांमुळेही ती होकारार्थी येऊ शकते. उलटपक्षी, काही रुग्णांत विकार असूनही ती नकारार्थी येते. भारतात तरुण स्त्रियांमध्ये विशेषत्वाने दिसणाऱ्या, मोठ्या धमन्यांच्या ताकायासू विकारात तर ही चाचणी उपयोगी पडत नाही; तेथे दोन्ही हातांची नाडी व रक्तदाब तपासणे आणि धमन्यांचे चित्रण करणे महत्त्वाचे ठरते. म्हणूनच निदानासाठी लक्षणे, छातीचा स्कॅन आणि आवश्यक तेथे बायोप्सी यांची जोड लागते.

सर्वांत मोठा धोका मूत्रपिंडांना असतो, आणि तो मुकाट्याने येतो. वेदना होत नाही, पण काही आठवड्यांतच मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. लघवीची साधी तपासणी आणि रक्तातील क्रिएटिनिन या स्वस्त चाचण्या गावाजवळच होतात. लघवीत रक्त वा प्रथिने आढळली, तर नागपूरच्या तज्ज्ञाकडे जाण्यास ‘सीझन संपल्यावर पाहू’ म्हणणे महागात पडते. खाण, दगडफोड किंवा सिलिकायुक्त धुळीत काम केले असल्यास तेही डॉक्टरांना सांगावे; अशा धुळीचा या विकाराशी संबंध अभ्यासांत दिसला आहे.

एके काळी या विकाराच्या तीव्र प्रकारात उपचाराविना रुग्ण सरासरी पाच महिनेच जगत. आज स्टेरॉइड, सायक्लोफॉस्फामाइड व रिटुक्सिमॅब यांच्या साहाय्याने बहुतेकांचा विकार आटोक्यात येतो. बरे वाटू लागल्यावरही पाठपुरावा सोडू नये. केवळ अँकाचा आकडा वाढला म्हणून घाबरून औषध वाढवू नये, आणि तो उतरला म्हणून बंदही करू नये.

एक गोष्ट आपल्या घरांत विशेष ध्यानी धरावी. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड अचानक थांबवल्यास प्राणावर बेतू शकते. त्यामुळे अठ्ठाईसारखी तपस्या करण्याचा भाव असेल, तर आधी डॉक्टरांशी बोलावे. रात्री भोजन न करणाऱ्यांनी औषधांच्या वेळाही त्यांच्याकडूनच बसवून घ्याव्यात. घरच्यांनीही रुग्णाला आग्रह करू नये. त्याच्या प्रकृतीची जपणूक हीदेखील अहिंसाच आहे.