धुंधुरमासांतील बटाटा

गोदाकांठीं पहाटेचें धुकें रेंगाळूं लागलें, निफाडच्या बाजूस पारा पांच अंशांच्या आसपास उतरून द्राक्षबागांतून रात्रीं शेकोट्या पेटूं लागल्या, कीं नाशिककरांस धुंधुरमासाची आठवण होते. सूर्य धनु राशींत असतो तो हा महिना. हल्लीं सुमारें १६ डिसेंबरपासून मकरसंक्रांतीपर्यंतचा. या दिवसांत निदान एकदां तरी सूर्योदयाबरोबर देवाला नैवेद्य दाखवून ऊनऊन जेवावें, ही आपल्याकडील जुनी चाल. मुगाची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, वांग्याचें भरीत आणि गूळ असा त्या जेवणाचा थाट. आमच्या घरीं या पानांत बटाट्याची भाजी आणि गुळाची पोळी यांनाही मानाचें स्थान आहे. त्या दोन पदार्थांविषयीं, आणि त्यांच्या निमित्तानें आणखी एका गोष्टीविषयीं, चार शब्द लिहावयाचे आहेत.

प्रथम बटाट्याची कुळकथा पाहूं. संस्कृतांत 'आलु' किंवा 'आलुक' हा शब्द आहे. परंतु तो निराळ्या कंदांचा वाचक असून आजचा बटाटा नव्हे. बटाट्याचें माहेर दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वतावर, पेरू देशाच्या बाजूस. सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोकांनीं तो युरोपांत नेला आणि पुढें पोर्तुगीजांच्या हातून तो आपल्या किनाऱ्यावर उतरला. मौज अशी कीं, 'बटाटा' हें नांवही त्याचें स्वतःचें नव्हे. वेस्ट इंडीज बेटांवरील लोक रताळ्यास त्या नांवानें ओळखीत. तेंच पुढें या कंदास चिकटलें. रताळें, मिरची, भुईमूग हीं मंडळीही त्याच खंडांतलीं. आपल्याकडे साबुदाणा ज्यापासून करतात तो टॅपिओकाचा कंदही तिकडचाच. म्हणजे एकादशीचें आपलें फराळाचें ताट बहुतांशीं अमेरिकेहून आलेलें! ज्या जुन्या शास्त्रकारांनीं उपवासाचे नियम सांगितले, त्यांनीं हे पदार्थ डोळ्यांनीं पाहिलेही नव्हते. तरी आपल्या सोवळ्या स्वयंपाकघरांनीं त्यांना आंत घेतलें, आणि त्यांत धर्म कांहीं बुडाला नाहीं.

आतां पाककृतीकडे वळूं. बटाटे सालीसकट थंड पाण्यांत घालून उकडावे. एकदम उकळत्या पाण्यांत टाकल्यास वरचा भाग फुटतो आणि आंतला कच्चा राहतो. रात्रींच उकडून ठेवले तरी चालतात, हा पहाटेच्या स्वयंपाकास मोठाच आधार. फोडणींत मोहरी, हिंग, हळद, हिरवी मिरची, कढीलिंब घालावा आणि थंडीचे दिवस म्हणून आलें जरा सढळ हातानें किसावें. फोडी परतून मीठ व चिमूटभर साखर घालावी, झांकण ठेवून एक वाफ आणावी. वरून ओलें खोबरें, कोथिंबीर आणि लिंबाचा रस. कच्चे बटाटे मात्र शीतकपाटांत ठेवूं नयेत. फार थंडाव्यानें त्यांतील पिठाची साखर होऊं लागते. मग भाजी गोडसर लागते आणि काचऱ्या परततांना काळवंडतात. अंधाऱ्या, हवेशीर जागीं टोपलींत ठेवावे. हिरवट पडलेला भाग व कोंब काढून टाकावे. त्यांत अपायकारक द्रव्य असतें.

गुळाची पोळी ही खरी संक्रांतीची. परंतु धुंधुरमास सरतांना ती आधींच डोकावते. दोन वाट्या किसलेला मऊ गूळ, अर्धी वाटी भाजलेल्या तिळांचें कूट, अर्धी वाटी तेलांत खमंग भाजलेलें डाळीचें पीठ, दोन चमचे भाजलेली खसखस, वेलदोडा व जायफळ हें सर्व मळून एकजीव करावें. पारीसाठीं कणकेंत थोडें डाळीचें पीठ व कडकडीत तेलाचें मोहन घालून ती घट्ट भिजवावी. सारें मर्म एकाच गोष्टींत आहे: पारी आणि गूळ यांचा मऊपणा सारखा असावा. गूळ कठीण असला तर पारी फाटते, सैल असला तर तो तव्यावर बाहेर येतो. दोन पाऱ्यांमध्यें गुळाची चपटी गोळी ठेवून कडा दाबाव्या, पिठीवर कडेपर्यंत लाटावी आणि मध्यम आंचेवर भाजावी. सारणांत पाणी नसल्यामुळें ही पोळी पुष्कळ दिवस टिकते.

या जेवणाची वाखाणणी मी जन्मभर करीत आलों. पण तें घरांत कोण केव्हां जेवतें, इकडे माझें लक्ष गेलें नव्हतें. एका वर्षीं आमच्या घरांतून तापानें अंथरूण धरलें आणि वहिनींच्या मदतीस मी उभा राहिलों. पहाटे चार वाजतां नळाच्या पाण्यानें माझीं बोटें बधिर झालीं. सातच्या सुमारास पहिली पंगत बसली, मग मुलांची, मग पाहुण्यांची. प्रत्येक भाकरी तव्यावरून थेट बाहेर गेली. वहिनी आणि मी पानावर बसलों तेव्हां नऊ वाजून गेले होते. खिचडीचा गोळा झाला होता, तूप थिजलें होतें आणि भाकरी चामट झाली होती. मीं तसें बोलून दाखवितांच वहिनी हंसून म्हणाल्या, "भाऊजी, धुंधुरमासाचें जेवण ऊन असतें, हें आम्हीं नुसतें ऐकलेलें आहे!" त्या बोलण्यांत राग नव्हता, पण मला मान वर करवेना.

पुढल्या वर्षापासून क्रम बदलला. पोळ्या दोन दिवस आधीं, बटाटे आदल्या रात्रीं. खिचडी पुतण्यांकडे आणि पाणी भरणें, भांडीं घासणें मजकडे. नैवेद्य झाला कीं सारें घर एकाच पंगतीस बसतें, आणि भाकऱ्या ज्याला हव्यात त्यानें पाळीपाळीनें उठून भाजाव्या. पहिल्या वर्षीं त्या वेड्यावांकड्याच झाल्या. आमच्या काकांनीं गंभीरपणें विचारलें, "हें शास्त्रांत कोठें सांगितलें आहे?" मीं त्यांच्या पानांतील बटाट्याकडे बोट दाखविलें. काका कांहीं बोलले नाहींत; पण दुसरी भाकरी मात्र ते स्वतः उठून घेऊन आले.

वाचकांनींही यंदां इतकें एक करून पाहावें: भाजींत आलें किती घातलें हें विचारण्यापूर्वीं, करणारीच्या पानांतील भाजी ऊन आहे ना, एवढें पाहावें.