भेंडीबाजाराचा कायापालट

दक्षिण मुंबईतल्या भेंडीबाजारात सुमारे साडेसोळा एकरांत अडीचशेच्या आसपास जुन्या इमारती, जवळपास 3,200 कुटुंबे आणि 1,250 दुकाने दाटीवाटीने नांदत होती. खाली दुकान, वर बिऱ्हाड हीच इथली जुनी रीत. भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, मालकांना डागडुजी परवडेनाशी झाली आणि इमारती खिळखिळ्या झाल्या. 31 ऑगस्ट 2017 रोजी इथली हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे दगावली.

दाऊदी बोहरा समाजाच्या सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्टने 2009मध्ये हाती घेतलेली पुनर्विकास योजना म्हणजे देशातला समूह पुनर्विकासाचा गाजलेला प्रयोग. एकेक इमारत पाडून बांधण्याऐवजी सगळा भागच एकत्र आखला, की रुंद रस्ते, मोकळी जागा, सांडपाणी प्रक्रिया आणि पर्जन्यजल संधारण यांना वाव मिळतो. भाडेकरूंना मालकी हक्काची घरे आणि दुकानदारांना त्याच परिसरात गाळे मिळतात. विक्रीसाठीच्या मनोऱ्यांतून खर्च निघतो. रौदत ताहेरा हा बोहरा समाजाचा संगमरवरी मकबरा मात्र जागच्या जागी आहे.

बाजार जगतो तो पायी येणाऱ्या गिऱ्हाइकावर. त्यामुळे दुकाने रस्त्यालगत ठेवणे हे नुसते सौंदर्याचे काम नाही, तो पोटापाण्याचा प्रश्न आहे. बांधकाम होईपर्यंत संक्रमण शिबिरात वर्षे काढलेल्यांना नवे घर सुखाचे वाटणारच. पण मनोऱ्यात ओटा नाही, गल्ली नाही. जुने शेजार टिकवणे हेच या योजनेचे सर्वांत अवघड काम आहे.