आकाशाचा सातबारा कोणाच्या नावावर?

चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी नावाचे एक गाव आहे. २ एप्रिल २०२२ च्या रात्री महाराष्ट्राच्या अनेक भागांतील लोकांनी आकाशातून जळते गोळे ओळीने सरकताना पाहिले. कोणी त्याला उल्कापात म्हटले, तर कोणी देवाचा कोप. त्याच रात्री लाडबोरीत सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले आणि जवळच्या पवनपार गावी धातूचा एक गोळा सापडला. हा ना उल्कापात होता, ना कोप. अंतराळ अभ्यासकांनी हिशेब मांडून सांगितले, की हे चीनच्या लाँग मार्च जातीच्या रॉकेटचे अवशेष असावेत. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही.

पण समजा, ते कडे एखाद्या शेतमजुराच्या झोपडीवर पडले असते तर? भरपाई कोणी दिली असती? त्या मजुराने दाद कोणाकडे मागायची? "आभाळच फाटले, तिथे ठिगळ कुठे लावणार" असे म्हणून आपली माणसे गप्प बसतात. परंतु बंधू-भगिनींनो, आभाळालाही कायदा आहे, आणि तो आपण समजून घेतला पाहिजे.

कायदा काय म्हणतो?

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने स्पुटनिक हा पहिला उपग्रह सोडला. त्यानंतर दहा वर्षांच्या आत, १९६७ साली, जगातील राष्ट्रांनी अंतराळ करार केला. भारतानेही त्यावर सही केली आणि १९८२ साली त्याला मान्यता दिली. या कराराची पहिली दोन कलमे आपल्या मुलांनी अवश्य वाचावीत. पहिले कलम सांगते, की अंतराळाचा वापर सर्व देशांच्या हितासाठी व्हावा, मग तो देश श्रीमंत असो वा गरीब, विज्ञानात पुढारलेला असो वा मागासलेला. दुसरे कलम सांगते, की चंद्र असो, ग्रह असो वा मोकळे अंतराळ असो, कोणत्याही राष्ट्राला त्यावर मालकी सांगता येणार नाही; झेंडा रोवून नाही, वापर करून नाही आणि कब्जा करूनही नाही. अण्वस्त्रे पृथ्वीभोवती फिरत ठेवण्यासही या कराराने बंदी घातली आहे.

म्हणजे आकाशाच्या सातबाऱ्यावर कोणाचेच नाव नाही. हल्ली वाढदिवसाला भेट म्हणून चंद्रावरचा प्लॉट विकत मिळतो अशा जाहिराती येतात. तो रंगीत कागद भिंतीवर लावण्यापलीकडे कशाच्याही उपयोगाचा नाही. जी जमीन कोणाची नाही, ती विकणारा हा कोण? घामाचे पैसे अशा ठिकाणी घालवू नयेत.

भरपाई कोण मागणार?

१९७२ साली नुकसानभरपाईचा स्वतंत्र करार झाला. भारत त्यात १९७९ साली सामील झाला. स्कायलॅब ही अमेरिकेची अंतराळ प्रयोगशाळा कोसळणार म्हणून गावोगाव घबराट पसरली होती, तेच हे वर्ष. शेवटी तिचे तुकडे जुलै महिन्यात ऑस्ट्रेलियात पडले.

या कराराचे मोठेपण असे, की अंतराळातील वस्तू जमिनीवर पडून नुकसान झाले तर सोडणाऱ्या देशाची चूक सिद्ध करावी लागत नाही. वस्तू तुमची, नुकसान आमचे, भरपाई द्या, एवढे पुरे. कारखान्यात कामगाराला अपघात झाला तर मालकाची चूक शोधत न बसता भरपाई मिळावी, हे १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यातले तत्त्व आपल्या कामगारांना ठाऊक आहे. तेच येथे देशांना लावले आहे.

उदाहरणही आहे. जानेवारी १९७८ मध्ये कॉसमॉस ९५४ हा सोव्हिएत उपग्रह कॅनडाच्या उत्तरेकडील बर्फाळ प्रदेशात कोसळला. त्यात अणुभट्टी होती. किरणोत्सारी तुकडे शोधून काढण्यात कॅनडाचा मोठा खर्च झाला. कॅनडाने सुमारे ६० लाख डॉलर मागितले आणि १९८१ साली ३० लाख कॅनेडियन डॉलरवर तडजोड झाली.

मात्र येथे एक मेख आहे. या करारान्वये दावा व्यक्तीला करता येत नाही. तो तिच्या वतीने सरकारने करायचा असतो, आणि तोही नुकसान झाल्यापासून किंवा जबाबदार देश कळल्यापासून एका वर्षाच्या आत. म्हणजे गरीब माणसाचा हक्क सरकारी फायलीतून पुढे सरकणार. फाईल हलायची तर तिच्या तळाशी पक्का कागद हवा. म्हणून असे काही गावात पडले तर प्रथम मुलाबाळांना दूर ठेवावे. रॉकेटच्या टाकीत विषारी इंधनाचे अंश असू शकतात. भंगार म्हणून उचलून घरी नेऊ नये. पोलीस पाटील व तहसीलदार यांना लगेच कळवावे, फोटो काढावेत, पंचनामा करून घ्यावा आणि त्याची प्रत मागून घ्यावी.

आकाशातील राखीव जागा

आपल्या घरावरील टी.व्ही.च्या डिशचे तोंड कायम एकाच दिशेला असते. कारण ज्या उपग्रहाकडून ती चित्र घेते, तो विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर पृथ्वीच्याच गतीने फिरतो आणि म्हणून एका जागी स्थिर दिसतो. अशा उपग्रहांसाठी आकाशात एकच कडे आहे आणि त्यातील जागा मर्यादित आहेत.

या जागांची व लहरींची नोंद आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ ठेवतो. नियम होता, जो पहिला येईल त्याला जागा. दिसायला किती निःपक्षपाती! पण पहिला येणार कोण? ज्याच्याजवळ पैसा आणि रॉकेट, तोच. कालपरवा स्वतंत्र झालेल्या देशांनी उपग्रह बनवायला शिकावे, तोवर चांगल्या जागा भरलेल्या असायच्या. १९७६ साली कोलंबिया, इक्वेडोर, काँगो, केनिया, युगांडा, इंडोनेशिया इत्यादी विषुववृत्तावरील देश बोगोटा शहरी जमले आणि आमच्या डोक्यावरचे कडे आमचे, असा जाहीरनामा त्यांनी काढला. जगाने तो मानला नाही, कारण आकाशावर मालकी कोणालाच नाही. पण गरीब देशांनी गाऱ्हाणे सोडले नाही. अखेर १९८८ साली दूरसंचार संघाच्या परिषदेत ठरले, की काही लहरींपुरती तरी प्रत्येक देशासाठी किमान एक जागा राखून ठेवायची, मग त्याच्याजवळ आज उपग्रह असो वा नसो.

राखीव जागा! आरक्षणाने गुणवत्ता मरते असे जे आपल्याला ऊठसूट ऐकवतात, त्यांना हे उदाहरण जरूर सांगावे. शर्यत सुरू होण्याआधीच कोणी अर्धे मैदान पुढे असेल, तर सर्वांना एकच नियम लावणे म्हणजे समता नव्हे, हे साऱ्या जगाने आकाशाच्या बाबतीत मान्य केले आहे.

चंद्रावरची खाण

आता नवा प्रश्न उभा आहे. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ बर्फाच्या रूपात पाणी आहे असे पुरावे मिळाले आहेत. त्याच भागाजवळ २३ ऑगस्ट २०२३ रोजी आपले चांद्रयान-३ उतरले. पाणी म्हणजे पिण्याची सोय, श्वासासाठी प्राणवायू आणि रॉकेटचे इंधनही. त्यावर बलवान देशांचा डोळा आहे.

१९७९ च्या चंद्र करारात चंद्राची संपत्ती ही सर्व मानवजातीचा सामाईक वारसा आहे असे लिहिले गेले. पण अंतराळात पुढारलेल्या मोठ्या देशांनी तो करार स्वीकारला नाही. भारताने १९८२ मध्ये सही केली, परंतु पुढची मान्यता दिली नाही. उलट अमेरिकेने २०१५ साली कायदा केला, की अंतराळातून खनिज काढणाऱ्या अमेरिकन नागरिकाची त्या खनिजावर मालकी राहील. लक्झेंबर्ग, संयुक्त अरब अमिरात, जपान यांनीही पुढे तसेच कायदे केले. युक्तिवाद असा, की जमीन आमची नाही, पण उकरून काढलेला माल आमचा! २०२० साली अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या आर्टेमिस करारनाम्यावर भारताने जून २०२३ मध्ये सही केली. त्यातही खनिज काढणे म्हणजे मालकी सांगणे नव्हे, असेच म्हटले आहे. चीन आणि रशिया यांनी चंद्रावर आपला वेगळा तळ उभारण्याचे ठरविले आहे.

तथागतांनी दीघनिकायातील अग्गञ्ञ सुत्तात समाज कसा बनला हे सांगितले आहे. आरंभी भात सर्वांसाठी आपोआप उगवे. कोणी आळसाने दोन वेळचा एकदम आणला, दुसऱ्याने आठ दिवसांचा साठवला, साठ्यामुळे भात कमी पडू लागला, मग बांध घातले गेले, चोरी आली, दंड आला. आधी साठा आणि नंतर बांध, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. चंद्रावर आज कोणी बांध घातलेला नाही. साठ्याची भाषा मात्र सुरू झाली आहे.

कागदावरचा हक्क

सर्वांचे आहे असे कागदावर लिहिले म्हणजे ते सर्वांना मिळते काय? याचे उत्तर आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार! महाडचे चवदार तळे १९२४ सालीच नगरपालिकेच्या ठरावाने सर्वांना खुले होते. पण त्यातले पाणी आपल्याला मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा कागदाला अर्थ आला. आणि पुढे दहा वर्षे कोर्टात झगडल्यावर १९३७ साली उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. गायरानाचेही तेच. सामाईक म्हणायचे आणि दांडग्यांनी कसायचे. त्यासाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाडांना भूमिहीनांचे सत्याग्रह करावे लागले.

अंतराळाचा कायदा आज ठरावाच्या अवस्थेत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अंतराळ समितीत खनिजांच्या नियमांवर चर्चा सुरू आहे. आपल्या देशातही २०२० पासून खाजगी कंपन्यांना हे क्षेत्र खुले झाले आणि २०२३ मध्ये अंतराळ धोरण जाहीर झाले. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. धोरण सरकार बदलू शकते. कायद्यावर संसदेत चर्चा करावी लागते आणि नागरिकाला त्याच्या आधारे कोर्टात जाता येते. खाजगी कंपनीच्या रॉकेटने नुकसान केले तरी जगापुढे जबाबदार भारत सरकारच असते. मग कंपनीकडून ते पैसे कसे वसूल करायचे, विमा किती असावा, हे संसदेने कायदा करून स्पष्ट केले पाहिजे. नाहीतर नफा कंपनीचा आणि भुर्दंड करदात्याचा.

आपल्या वस्तीतली मुले आता वकिलीकडे, इंजिनिअरिंगकडे वळत आहेत. त्यांना सांगावेसे वाटते, की अंतराळाचा कायदा हा अभ्यासाचा विषय आहे आणि त्यात माणसे थोडी आहेत. रॉकेट बनविणारे हात जितके हवेत, तितकीच नियम लिहिताना टेबलाशी बसणारी आपली माणसे हवीत. घटना लिहिली जात असताना बाबासाहेब त्या टेबलाशी होते, म्हणून आपण आज येथे आहोत. तेव्हा विहारातील अभ्यासिकेत मुलांसाठी एखादा रविवार या विषयाला द्या. १९६७ च्या कराराची अवघी सतरा कलमे आहेत; एका बैठकीत वाचून होतात.

जय भीम!