इटियाडोहच्या पाहुण्याचें ताट

प्रवासी पुस्तकांत गांवाचें वर्णन संपलें कीं खाणावळी, उपाहारगृहें आणि चहाचीं दुकानें यांची यादी येते. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील एखाद्या लहानशा गांवासाठीं अशी यादी सहज तयार होते. बंदरावर तळलेला मासा आणि शेजारीं एक जुनें मद्यगृह, एवढ्यानें निम्मी यादी भरते. इटियाडोहची यादी अशी भरत नाहीं. तरीहि या धरणाच्या परिसरांतील जेवण फार चांगलें आहे. तें दुकानांत कमी आणि घरांत जास्त शिजतें, इतकेंच. म्हणून कोठें जेवावें यापेक्षां केव्हां जावें आणि काय मागावें, हें सांगणें अधिक उपयोगाचें होईल.

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगांव तालुक्यांत, गोठणगांवाजवळ गाढवी नदीवर हें मातीचें धरण 1970 सालीं पुरें झालें. गाढवी पुढें वैनगंगेला मिळते. धरणाचे कालवे गोंदियाप्रमाणेंच भंडारा आणि गडचिरोली जिल्ह्यांतील बांध्यांनाहि पाणी देतात. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर अर्जुनी स्थानक लागतें. तेथील बाजारपेठेंत चहा, आलुबोंडे आणि तर्री ओतलेले पोहे घेऊन पुढें निघावें. तर्री तिखट असते, हें आधींच सांगून ठेवतों.

कोंकणांतून आलेल्या पाहुण्यानें येथें एक शब्द बदलून घ्यावा. शेतांत उभें असतें तें धान, आणि भात फक्त ताटांत. या मुलुखांतील चिन्नोर तांदूळ शिजूं लागला कीं त्याचा वास शेजारच्या घरांत जातो. भंडाऱ्याच्या चिन्नोराला भौगोलिक मानांकनहि मिळालेलें आहे. परंतु तो उशिरा पिकतो आणि उतारा कमी देतो, त्यामुळें पुष्कळसे शेतकरी जास्त उताऱ्याचीं वाणें लावतात व चिन्नोर घरच्यापुरताच राखतात. तो आपल्या ताटांत पडला तर यजमानानें आपला मान केला असें समजावें. तांदळाच्या पिठाचे पातळ आयते मात्र कोणत्याहि घरीं होतात, आणि ते रश्श्याबरोबर तव्यावरून उतरतांच खावेत.

आतां मासा. खरी गोष्ट येथेंच आहे. बाजारांत आपल्याला दिसतील ते बहुधा रोहू, कतला आणि मृगळ. हे मोठ्या वाहत्या नद्यांचे मासे; स्थिर पाण्यांत ते सहसा अंडीं घालीत नाहींत. 1957 सालीं डॉक्टर हिरालाल चौधरी यांनीं अंतःस्रावाची सुई टोचून त्यांचें प्रजनन घडवून आणलें, आणि तेव्हांपासून देशभर तळ्यांतून व जलाशयांतून त्यांचें बीज सोडण्याची प्रथा वाढली. ते लवकर वाढतात, वजनाला भरतात आणि दूरच्या बाजारांत विकले जातात. मच्छीमार संस्थांचा हिशेब त्यांच्यावरच बसतो.

पण या जिल्ह्यांत शेंकडों जुने मालगुजारी तलाव आहेत, आणि त्यांतील मूळचे मासे निराळे. मरळ, शिंगी, वाम, झिंगे आणि नांवानिशीं ओळखणें शहरी माणसाला अशक्य असे कितीतरी लहान मासे. ढिवर समाजाच्या घरांत रोज शिजत आले ते हेच. त्यांना बाहेरचें बीज लागत नाहीं. पाण्यांत वनस्पति असल्या कीं त्यांच्या आडोशानें तीं आपलीं पिलें वाढवितात. वनस्पति गेल्या, बेशरमाचीं झुडपें माजलीं, तळाशीं गाळ साचला, आणि हे मासे कमी झाले. विकण्याचा मासा वाढला, पण घरच्या कालवणांतला मासा आटला. याची झळ लागली ती मुख्यतः बायकामुलांच्या ताटाला. भंडारा निसर्ग व संस्कृति अभ्यास मंडळानें ढिवर स्त्रीपुरुषांना हाताशीं धरून तलाव निर्मळ करण्याचें आणि पाणवनस्पति पुन्हां लावण्याचें काम चालविलें आहे. पाहुण्याला यांत करण्यासारखें थोडें आहे, पण अगदींच नाहीं असें नाहीं: मोठ्या कतल्याचाच हट्ट धरूं नये. लहान मासा मागावा, योग्य दाम द्यावें, आणि कांटे काढण्याचा कंटाळा करूं नये.

पावसाळ्यांत आलांत तर बांबूचे कोंवळे कोंब, म्हणजे वास्ते, आणि वारुळांवर उगवणाऱ्या सात्या यांची भाजी मिळेल. सात्या जाणत्याच्या हातूनच घ्याव्यात. छत्र्या ओळखण्याचा प्रयोग पाहुण्यानें करूं नये.

या मराठी-गोंडी मुलुखांत एक अगदीं दूरचें स्वयंपाकघरहि आहे. प्रतापगडाजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत 1972 सालीं वसली. तेथें मोमो, थुक्पा आणि लोणी व मीठ घातलेला चहा यांची ओळख होते. या चहाला चहा समजून तोंड लावलें तर निराशा होते. पातळ कढण समजून प्यालांत तर दुसरा पेला मागाल. थंडींत जाणाऱ्यांनीं मात्र ध्यानांत ठेवावें कीं त्या दिवसांत वसाहतींतील पुष्कळ मंडळी लोकरी कपडे विकण्यासाठीं दूरच्या शहरांत गेलेली असतात. महाशिवरात्रीला प्रतापगडची यात्रा भरते, आणि त्या वेळीं खाण्याची वाण पडत नाहीं.

राहिलें पेय. मार्च-एप्रिलांत पहांटे मोहाचीं फुलें गळतात आणि घरोघरच्या बायका टोपल्या घेऊन रानांत जातात. वाळविलेल्या फुलांना मनुकांसारखी गोडी येते. तीं भाजून खातात, पिठांत मळून पुऱ्या करतात. 2021 सालीं राज्य सरकारनें या फुलांच्या सांठवणुकीवरील व वाहतुकीवरील निर्बंध उठविले. घरीं गाळलेली दारू मात्र कायद्यांत बसत नाहीं, आणि इटियाडोहचें पाणी ज्या गडचिरोलींत जातें तेथें 1993 पासून दारूबंदी आहे. तेव्हां फुलें खावींत, हवीं तर मूठभर घरींहि न्यावींत. आणि उन्हाळ्यांत तहान लागली तर कोणत्याहि शेतकऱ्याच्या ओसरीवर थंड आंबील मागावी.